सात दिवसांचा खाडा

५ जानेवारी २०२२ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कोरोनाच्या होम आयसोलेशनचे दिवस दहावरून सातवर आणले आणि त्या संध्याकाळी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काही सुरू झालं ते मी अजून डिलीट केलेलं नाही. नियम तसा साधा होता. पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस झाले आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नसला की मोकळे, परत टेस्ट करायची गरज नाही. बी विंगमधल्या एका काकांनी लिहिलं "चला, बरं झालं", त्याखाली लगेच कोणीतरी "कसलं बरं, आता पॉझिटिव्ह माणसं लिफ्टमध्ये फिरणार", मग एकाने विचारलं की सात दिवस स्वॅब दिल्यापासून धरायचे की रिपोर्ट हातात आल्यापासून, त्यावर जितकी माणसं तितकी उत्तरं, मग सेक्रेटरींचा लांबलचक मेसेज की सरकार काहीही म्हणो आपण सोसायटीपुरते दहाच दिवस पाळू, आणि त्याच्या खाली तळमजल्यावरच्या वहिनींचं एकच वाक्य: "दहा दिवस घरी बसले तर माझा पगार कोण देणार?"

त्या एका खाजगी दुकानात बिलिंगला आहेत. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. पुढचा मेसेज पाण्याच्या टँकरचा होता.

दिवस कमी केले यावर तेव्हा जगभर लोक भांडले, डॉक्टर भांडले, युनियनवाले भांडले, आणि जवळजवळ सगळे व्हायरसबद्दल बोलत होते. ते बरोबरच होतं. पण मला तेव्हाही वाटायचं आणि आता तर पक्कं वाटतं की अर्धं भांडण त्या वहिनींच्या प्रश्नाचं होतं, आणि तो प्रश्न सगळ्यांनी टँकरच्या मेसेजसारखा पुढे सरकवला.

लोक सात दिवसांवर एवढे का बिथरले ते समजायला थोडं मागे जायला लागेल. मार्च २०२० मध्ये बाहेरून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईने होम क्वारंटाईनचा शिक्का मारायचे आणि चौदा दिवस घरात. आपल्या जिल्ह्यात पहिला पेशंट लासलगावकडचा निघाला, मार्चच्या शेवटी, मग मालेगाव. तेव्हा दवाखान्यातून सुटायचं तर चोवीस तासांच्या अंतराने दोन टेस्ट निगेटिव्ह लागायच्या. ८ मे २०२० ला ते बदललं, सौम्य लक्षणं असतील तर दहा दिवसांनी टेस्ट न करता घरी आणि घरी आणखी सात दिवस वेगळं राहायचं. म्हणजे सतरा. लोकांनी बोटांवर मोजत हे दिवस काढलेत. बिल्डिंगच्या गेटला बांबू आणि पत्रे लागलेले, बाहेर बोर्ड, भाजीवाला गल्लीच्या तोंडाशीच थांबायचा, आणि ज्याच्या घरात पेशंट त्याच्याकडे बघण्याची लोकांची एक नजर तयार झाली होती. ती नजर ज्यांनी सोसली ते अजून विसरलेले नाहीत.

आणि मग २०२१ चा एप्रिल. मार्चच्या शेवटी नाशिकमध्ये बाजारपेठेत जायला पाच रुपयांची पावती फाडायला लागायची, एका तासासाठी, तास उलटला तर पाचशे रुपये दंड, ते लोकांना आठवतं आणि लोक त्यावर हसतातही. पण २१ एप्रिलवर कोणी हसत नाही. महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ माणसं गेली. त्या महिन्यात आमच्याकडे रात्रभर फोन चालायचे, कोणाला बेड हवा, कोणाला सिलेंडर, कोणाला रेमडेसिवीर. जे शहर हे बघून आलंय त्याला नऊ महिन्यांनी कोणी म्हणालं की आता सात दिवस पुरे, टेस्टही नको, तर ते पटकन "बरं" म्हणेल असं कसं होईल. सेक्रेटरींवर तेव्हा खूप जण चिडले, मी नाही चिडले. त्यांचा सख्खा भाऊ त्याच एप्रिलमध्ये गेला होता.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जानेवारीत जो आला तो ओमिक्रॉन होता, घराघरात दोन दिवस ताप, घसा, अंग ठणकणं, आणि तिसऱ्या दिवशी माणूस उठून चहा टाकायला लागायचा. लस बहुतेकांची झालेली. आमचे फॅमिली डॉक्टर सांगायचे की दहा दिवस म्हटलं की पेशंट टेस्टच करत नाही, गोळी घेतो आणि कामाला जातो, आणि मग तो दहा नाही, पाच नाही, एकही दिवस वेगळा राहत नाही. सात म्हटलं तर निदान थोडे तरी जण टेस्ट करतील. मला हे अगदी पटलं. आणि शेवटच्या टेस्टचं म्हणाल तर आरटीपीसीआर परत न करण्यामागे कारण होतं, माणूस बरा झाल्यावरही मेलेल्या व्हायरसचे तुकडे नाकात सापडतात आणि टेस्ट कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. २०२० मध्ये यापायी लोक फुकट अडकून पडले होते. हे लोकांना कोणी नीट सांगितलंच नाही. टीव्हीवर खाली पट्टी फिरली, "आता टेस्टची गरज नाही", आणि घरोघरी अर्थ निघाला की सरकारने हात झटकले.

पुढच्याच आठवड्यात संक्रांत आली. आमच्या समोरच्या ताईंचे सात दिवस संक्रांतीच्या आदल्या दिवशी पूर्ण झाले, ताप तर दुसऱ्याच दिवशी गेला होता, नियमाप्रमाणे त्या एकदम मोकळ्या. त्यांनी मला फोन करून विचारलं की हळदीकुंकवाला येऊ ना गं? विचारलं यातच सगळं आलं. नियम त्यांच्या बाजूने असताना त्यांना परवानगी मागावीशी वाटली. मी म्हटलं या, मास्क लावून या. त्या आल्या, दारातच उभ्या राहिल्या, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ पदरात घेतला आणि वाण न घेताच निघाल्या, मी मागून जाऊन हातात दिलं. आत बसलेल्या दोघींपैकी एकीने पर्समधून सॅनिटायझर काढून हात चोळले, खरंतर ताईंनी तिला हातही लावला नव्हता. दुसरी मात्र उठून दारापर्यंत गेली आणि त्यांना म्हणाली की रथसप्तमीपर्यंत कधीही या माझ्याकडे. एकाच खोलीत दोन्ही. कायद्याचे दिवस संपले तरी लोकांच्या मनातले दिवस वेगळेच चालू होते आणि ते प्रत्येकाचे वेगळे होते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २७ डिसेंबर २०२१ ला सीडीसीने, म्हणजे तिकडच्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, लक्षणं नसलेल्यांसाठी आयसोलेशन दहावरून थेट पाच दिवसांवर आणलं, पुढचे पाच दिवस मास्क लावा म्हणाले, टेस्टची सक्ती नाही. त्याच्या आठवडाभर आधी डेल्टा एअरलाइन्सच्या सीईओंनी सीडीसीला पत्र लिहिलं होतं की लस घेतलेल्यांसाठी पाच दिवस करा, स्टाफ कमी पडतोय, विमानं रद्द होतायत. मग लोक संतापणारच ना. विमानातल्या अटेंडंट्सच्या युनियनच्या अध्यक्षा सारा नेल्सन यांनी स्पष्ट सांगितलं की आम्हाला डॉक्टरांचा सल्ला ऐकायचा होता, माणसं कमी पडतात म्हणून दिवस कमी करा म्हणणाऱ्या कंपन्यांचा नाही. तिकडच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनेही म्हटलं की बाहेर पडण्याआधी निगेटिव्ह टेस्ट हवी. आणि सीडीसीच्या प्रमुख रोशेल वॉलेन्स्की टीव्हीवर म्हणाल्या की लोकांना काय झेपेल याचाही आम्ही विचार केला. या वाक्यावर तर त्यांना खूप शिव्या बसल्या. मला ते वाक्य एवढं वाईट नाही वाटत. लोकांना झेपणार नाही असा नियम करून उपयोग काय? फक्त झेपत का नाही, हे विचारून तिथे मदत करायची की दिवसच कापायचे, हा प्रश्न उरतो, आणि तिकडे काय इकडे काय, दिवस कापणं सोपं पडलं.

आता अंबडचं, म्हणजे नाशिकमधल्या एमआयडीसीच्या भागाचं, सांगते, कारण मला हे सगळं तिथे दिसलं. आमच्या मागच्या रो हाऊसमध्ये वरच्या खोलीत पेठ तालुक्यातली तीन पोरं भाड्याने राहायची, तिघंही अंबड एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. बारा तासांची शिफ्ट, हजेरी लावली तर पैसे. सुट्टी म्हणजे खाडा. त्यातल्या मधल्याला जानेवारीच्या मध्यावर ताप भरला. मी खिडकीतून बघत होते की हा सकाळी कामाला गेलेला दिसत नाही, मग संध्याकाळी डबा घेऊन गेले, जिन्यातच ठेवला. त्याने दार अर्धवट उघडलं, तोंडाला रुमाल, म्हणाला मावशी साधा ताप आहे. टेस्ट केली का विचारलं तर नाही. म्हटलं अरे महापालिकेच्या दवाखान्यात फुकट होते. तर म्हणाला फुकट होते ते माहितीये, पण पॉझिटिव्ह आली तर सात दिवस जातील, ठेकेदार म्हणालाय रिपोर्ट आला तर सात दिवस येऊ नको आणि तोवर मी दुसरा माणूस लावतो. आणि ह्या दोघांचं काय, तेपण घरी बसणार का?

एका खोलीत तिघं, एक संडास, एक मोरी. वेगळं राहायचं तर कुठे राहायचं? सरकारी पत्रकात लिहिलेलं असतं, हवेशीर खोली, शक्यतो वेगळं बाथरूम, काळजी घ्यायला एक माणूस. ते वाचताना माझ्या डोळ्यासमोर त्या खोलीतली दोरीवरची ओली कपडे आणि स्टोव्हशेजारी गुंडाळून ठेवलेल्या तीन गाद्या यायच्या.

ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत शिफ्टला गेला. त्याला कोणी बेजबाबदार म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. त्याच्यासाठी सतरा, दहा, सात, पाच, सगळे आकडे सारखेच, कारण कुठलाच आकडा त्याच्यासाठी लिहिलेला नव्हता. कागदावर बघायला गेलं तर सोय आहे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतं आणि त्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, पहिले दोन दिवस सोडून. पण त्यासाठी नाव नोंदलेलं पाहिजे, ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे, डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे. त्या पोराला त्याच्या पैशातून काही कापलं जातं की नाही हेच माहीत नव्हतं. आणि आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना तर यातलं काहीच नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारने नोंदणी केलेल्या घरकामगारांना १५०० रुपये जाहीर केले होते, त्या नोंदणीचं त्यांनी नावही ऐकलं नव्हतं.

मावशींचं वेगळंच झालं. त्या आजारी पडल्याच नाहीत, आजारी पडली घरं. त्या पाच घरी जायच्या. एका घरात पॉझिटिव्ह निघालं की त्या घराचे सात दिवस बंद, त्यांचं संपतं न संपतं तोच दुसऱ्या घरात, मग तिसरं घर म्हणणार तुम्ही त्या घरी जाता ना, मग आमच्याकडे नका येऊ. काही घरांनी पैसे दिले, काहींनी दिवस कापले. दिवस कमी करा की वाढवा यावर ग्रुपवर जे भांडत होते त्यातल्या काही घरांनीच त्यांचे पैसे कापले होते, आणि मला त्याचा तेव्हाही राग आला होता, आजही येतो. आपल्याला ऑफिसने वर्क फ्रॉम होम दिलं की आपण म्हणायचं दहा दिवस पाहिजेतच, आणि ज्या बाईला आपण स्वतः पगार देतो तिचे दहा दिवस मोजताना मात्र हात आखडता?

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिच्याशी त्या दिवसांत रोज व्हिडिओ कॉल, तिकडेही हाच गोंधळ. २२ डिसेंबरला त्यांचे दहाचे सात केले, १७ जानेवारीपासून पाच पूर्ण दिवस केले. पण तिकडे एक फरक होता. लवकर सुटायचं तर दोन दिवस लागोपाठ घरच्या घरी अँटिजेन टेस्ट करायची आणि दोन्ही निगेटिव्ह पाहिजेत. त्यांचे आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी संसदेत सांगितलं होतं की पाचव्या दिवसाअखेर साधारण दोन तृतीयांश लोक संसर्गजन्य राहत नाहीत. मग उरलेला एक तृतीयांश? त्यासाठी ती टेस्ट. आणि त्या टेस्टचे किट सरकार फुकट देत होतं, नणंदेच्या किचन कॅबिनेटमध्ये सात-सातच्या पाकिटांची चळत होती.

आपल्याकडे पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ किट होतं, २५० रुपयांना. आमच्याकडे माझे मिस्टर पॉझिटिव्ह होते आणि सातव्या दिवशी त्यांनी हट्टाने ते किट मागवलं, नियमात नसताना. डायनिंग टेबलवर पेपर अंथरला. ती बारकी काडी दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायची, मग नळीतल्या पाण्यात घुसळायची, काडी मोडायची, टोपण लावायचं आणि पट्टीवर दोन थेंब. मग पंधरा मिनिटं. ओल हळूहळू वर चढली, सी पाशी लाल रेघ उमटली, आणि टी पाशी एवढी फिकट रेघ की मी म्हणत होते नाहीये आणि ते म्हणत होते आहे. मुलाने मोबाईलचा टॉर्च लावला. रेघ होती. फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची असते. नियमाने ते त्या दिवशी मोकळे होते, तब्येत ठणठणीत, दुसऱ्या दिवशी सातपूरला ऑफिसला जायचं ठरलेलं. ते गेले नाहीत. तीन दिवसांनी परत किट लावलं, टी पाशी काही नाही, मग गेले. त्यांचा पगार चालू होता आणि पाचशे रुपये आम्हाला जड नव्हते, म्हणून हे जमलं. मागच्या खोलीतल्या पोराने दोन किट घेतले असते तर एका दिवसाच्या मजुरीहून जास्त पैसे गेले असते, वर खाडा तो वेगळाच.

म्हणून मला वाटतं की सात दिवस करणं चुकीचं नव्हतं, पण त्याच्यासोबत किट फुकट पाहिजे होतं आणि त्या सात दिवसांचे पैसे पाहिजे होते. दोन्हीपैकी एकही नव्हतं. मग नियमाचं ओझं घराघरावर पडलं, ज्याच्याकडे पैसे आणि खोल्या त्याने नियमापेक्षा जास्त पाळलं, ज्याच्याकडे नाहीत त्याने लपवलं, आणि दोघं एकमेकांना दोष देत बसले.

आणि या भांडणात जे कोणाच्याच तोंडी नव्हते ते आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ते चुकवता येत नाही, म्हणजे लिफ्ट, रिक्षा, सेंटर, परत लिफ्ट. निरोगी माणसासाठी सात काय नि दहा काय, फरक एका पॅरासिटामॉलचा. काकांसाठी तो फरक मोठा होता. काकू मला म्हणाल्या होत्या की लोक बाहेर पडू देत गं, त्यांचीही पोटं आहेत, फक्त कोण अजून पॉझिटिव्ह आहे तेवढं कळलं तर आम्ही जिन्याने जाऊ. डायलिसिस करून आलेला माणूस जिन्याने! मग आम्ही काही जणांनी ठरवलं की आठव्या ते दहाव्या दिवसातल्या माणसाने लिफ्ट वापरायची नाही, जिना वापरायचा, मास्क लावून. सेक्रेटरीही तयार झाले, दहा दिवसांचा हट्ट त्यांनी तेवढ्यावर सोडला. यात पगार बुडत नव्हता, कोणी कोंडलं जात नव्हतं, आणि काकांना लिफ्ट मिळत होती. सरकारी पत्रकापेक्षा मला हा नियम जास्त शहाणा वाटतो, कारण तो ज्याला त्रास होणार त्याला विचारून केला होता.

पुढे सगळंच सैल होत गेलं. इंग्लंडने २४ फेब्रुवारी २०२२ ला आयसोलेशनची कायदेशीर सक्तीच काढून टाकली, एप्रिलपासून तिकडचे फुकट किटही बहुतेकांना बंद. सीडीसीने १ मार्च २०२४ ला पाच दिवसही काढले, चोवीस तास औषधाशिवाय ताप नसला आणि एकूण बरं वाटत असलं की या बाहेर, पुढचे पाच दिवस जरा जपून. आपल्याकडे तर कोणी दिवस मोजायचं कधी थांबलं ते सांगताही येणार नाही. आता व्हायरल आलं तरी लोक टेस्ट विचारत नाहीत, "बरं वाटलं की ये" एवढंच.

मावशी अजून आमच्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला, पाच घरांपैकी तीन घरांनी त्या महिन्याचा पूर्ण पगार दिला, कारण आम्ही तिघींनी आधीच ठरवून टाकलं होतं की आजारपणाचे दिवस कापायचे नाहीत, कुठलाही आजार असो. उरलेल्या दोन घरांशी माझं बोलणं चालू आहे. एक तर तळमजल्याच्या त्या वहिनींचंच घर आहे, आणि त्यांची अडचण मला कळते, त्यांचा स्वतःचा पगार अजूनही हजेरीवरच आहे.